ऑनलाइन दुकान टाकताय? आधी एक पार्सल बांधून बघा

माझ्या वेबसाइटवर पहिली ऑर्डर आली तेव्हा घरात पेढे आणले होते. बंगळुरूची ऑर्डर, साडीची डबल बेडची गोधडी, किंमत 2,200 रुपये. घरच्या काट्यावर गोधडी दोन किलो शंभर ग्रॅम भरली, म्हणून कुरिअरचे 120 रुपये लावले. आठवड्याने बिल आलं 460 चं. मला वाटलं चूक झाली. फोन केला तर पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं पार्सल साडेपाच किलोचं धरलंय."

चूक त्यांची नव्हती. वेबसाइट करण्यात मी चार महिने घालवले होते. लोगोत मोर घ्यायचा की नुसता काठ, यावर घरात मतदान झालं होतं. पार्सल मात्र एकदाही बांधून पाहिलं नव्हतं.

म्हणून ह्या लेखातला क्रम नेहमीच्या उलट आहे. दुकान मागच्या दाराकडून लावायला घ्यायचं: आधी माल घराबाहेर कसा जाणार ते, मग कागदपत्रं, मग पैसे, आणि वेबसाइट त्याच्याही नंतर. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, भोरकडच्या पाच बायका माझ्यासाठी गोधड्या शिवतात आणि मी त्या ऑनलाइन विकते. उदाहरणं त्यामुळे गोधडीचीच येतील, पण पिशव्या, दागिने, मातीची भांडी, खेळणी काहीही विकणार असलात तरी वाट साधारण हीच. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर मात्र एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी सगळ्यात आधी, त्याशिवाय एक चकलीसुद्धा विकायची नाही. तो विषय वेगळा आहे, इथे घेत नाही.

1. बहिणीला पार्सल पाठवा

बहीण नसेल तर मावशीला, मैत्रिणीला, पण दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या कुणाला तरी. तुमची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नाजूक अशा दोन वस्तू नीट बांधून, पैसे भरून खरोखर पाठवा. हजारभर रुपये जातील. त्या हजारात जे कळतं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पहिली गोष्ट कळते ती वजनाची. कुरिअर कंपन्या दोन वजनं बघतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. दोन्हींतलं जे जास्त, त्याचे पैसे. माझी गोधडी ऐसपैस घडी घालून 45 × 40 × 15 च्या खोक्यात गेली होती. गुणाकार 27,000, भागिले 5000 म्हणजे 5.4 किलो. पुढच्या अर्ध्या किलोला नेलं की साडेपाच. तो मुलगा बरोबर होता.

आता तीच गोधडी आम्ही जुन्या पद्धतीने बांधतो. सासूबाईंनी दाखवलं: लांबीत तीन पदरी घडी, मग गुडघ्याने दाबत दाबत वळकटी, आणि सुतळीने दोन ठिकाणी आवळायची. प्रवासाला निघताना होल्डॉल बांधायचे तशी. मग ती 40 × 30 × 12 मध्ये बसते. 14,400 भागिले 5000, म्हणजे 2.88, तीन किलोच्या आत. गोधडी तीच, बिल जवळपास निम्मं.

दुसरी गोष्ट कळते ती वाटेत काय होतं ती. बहिणीला म्हणावं, उघडायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढ. मी बहिणीला पाठवलेल्या पहिल्या पार्सलचा एक कोपरा ओला झाला होता. जुलै महिना होता आणि मी नुसता पुठ्ठ्याचा खोका वापरला होता. तेव्हापासून माल आधी जाड पारदर्शक पिशवीत, मग खोक्यात किंवा कुरिअर बॅगेत. पावसाळ्यात कापडाला आणखी एक दुखणं असतं, दमट वासाचं. पॅक करण्याआधी दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवल्याशिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी एकही गोधडी बंद करत नाही. डांबराच्या गोळ्या घालू नका. त्या वासाने एक गिऱ्हाईक मी कायमचं गमावलंय.

बांधाबांधीचं साहित्य हे एवढंच:
- वस्तू तोलायचा डिजिटल काटा, दहा किलोपर्यंतचा
- मोजपट्टी (शिवणकामाची चालते)
- दोन मापांचे खोके, तीन पदरी पुठ्ठ्याचे. जड मालाला पाच पदरी
- कुरिअर बॅगा आणि आतली प्लास्टिकची पिशवी
- दोन इंची ब्राऊन टेप, कटरसकट
- पत्त्याची लेबलं. सुरुवातीला साधा कागद आणि पारदर्शक टेप पुरते

खोके पन्नास नगांपासून घ्यायचे तर रविवार पेठेत बोहरी आळीला एक चक्कर मारा. पहिल्याच दुकानात घेऊ नका, तीन ठिकाणी विचारा आणि आपली वस्तू बरोबर घेऊन जा. "साधारण एवढं" असं हाताने दाखवून आणलेले शंभर खोके माझ्या माळ्यावर अजून पडून आहेत. स्वतःच्या नावाचे छापील खोके पहिल्या वर्षी नकोतच. माप दोनदा तरी बदलतं.

2. कागदपत्रं

एकट्याचा धंदा असेल तर प्रोप्रायटरशिप पुरते. कंपनी काढायची घाई नको. एका फाइलमध्ये हे जमवा:
- पॅन आणि आधार. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा
- जागेचा पुरावा: वीजबिल किंवा मिळकत कराची पावती, भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र
- फोटो, रद्द केलेला चेक
- उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र
- शॉप ॲक्टची (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याची) पावती
- धंद्याचं नाव, सगळीकडे अक्षरशः एकाच स्पेलिंगमध्ये

ह्यातली शेवटची ओळ साधी वाटते, पण माझा सगळ्यात जास्त वेळ तिनेच खाल्ला. उद्यममध्ये नावाच्या दोन शब्दांत जागा सोडली होती, शॉप ॲक्टमध्ये ते जोडून लिहिलं होतं. बँकेने अर्ज परत केला.

उद्यम नोंदणी सरकारी आहे, आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. नूतनीकरणही नाही. शोधायला गेलात की वर सरकारीच वाटणाऱ्या खाजगी साइट दिसतील, त्या दोन-तीन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघितल्याशिवाय आधार नंबर टाकू नका.

शॉप ॲक्टचं आता सोपं झालंय. महाराष्ट्रातल्या 2017 च्या कायद्याप्रमाणे एक-दोन माणसांच्या धंद्याला नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. एजंट लागत नाही.

जागेच्या पुराव्याची मात्र गंमत होते. आमचं वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन सहा वर्षं झालेली. पुण्यातल्या निम्म्या घरांत हेच असेल. जीएसटीच्या अर्जावर ह्याच मुद्द्यावर शंका निघाली. नशिबाने मिळकत करावर यजमानांचं नाव लागलेलं होतं. ती पावती आणि त्यांचं संमतीपत्र जोडलं आणि सुटले. तुमच्याकडे असं काही असेल तर नाव बदलण्याचा अर्ज आजच टाका, धंदा सहा महिन्यांनी सुरू होणार असला तरी. अर्जावर अशी शंका आली की उत्तराला सात कामाचे दिवस मिळतात. ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा.

नावाचा ट्रेडमार्क करायचा की नाही? शोध तरी नक्की घ्या, तो पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर फुकट घेता येतो. कुणीतरी आधीच घेतलेलं नाव लावून वर्षभर धंदा करायचा आणि मग पाटी उतरवायची, त्यापेक्षा हे बरं. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. मी दुसऱ्या वर्षी केला.

3. जीएसटी: चाळीस लाखांचा गैरसमज

"तुझी उलाढाल चाळीस लाख थोडीच आहे, तुला कशाला जीएसटी?" हे मला माझ्या भावाने, शेजारच्या काकांनी आणि भिशीतल्या तिघींनी सांगितलं होतं. सगळ्यांचं अर्धं बरोबर होतं. माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांची मर्यादा आहेच, पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि वेबसाइटला राज्याची सीमा कुठे कळते? माझी पहिलीच ऑर्डर बंगळुरूची होती.

मग तुमच्यापुढे तीन वाटा राहतात.

एक, सरळ नोंदणी करा. सरकारी फी शून्य. भारताबाहेर नाही पण भारतभर विकणार असा विचार असेल तर हीच वाट.

दोन, सुरुवातीला फक्त महाराष्ट्रात विका आणि वेबसाइटवर तसं बंधन घाला. बाहेरचा पिन कोड टाकला की ऑर्डरच घेतली जाऊ नये. ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या बाजारांवर विकायला पूर्वी नोंदणी सक्तीचीच होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून मर्यादेच्या आतल्या आणि फक्त स्वतःच्या राज्यात विकणाऱ्यांना जीएसटीच्या पोर्टलवरून नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन तिथे विकता येतं.

तीन, हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना राज्याबाहेर विकतानाही नोंदणीतून काही मर्यादेपर्यंत सवलत आहे. वस्तूंची यादी अधिसूचनेत आहे. आपला माल त्यात बसतो का हे सीएकडून लेखी घ्या. "हाताने केलंय म्हणजे हस्तकला" एवढं पुरत नाही.

जीएसटीच्याच कॉम्पोझिशन योजनेचं नाव कुणी सुचवेल, कारण त्यात कर कमी आणि कागद कमी. पण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही. ऑनलाइन दुकानाला ते हातपाय बांधून पोहायला लावण्यासारखं.

नोंदणी घेतली की महिन्यात एकही विक्री नसली तरी विवरण भरावं लागतं. शून्य विवरणाला उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये. थोडे वाटतात, पण मी तीन महिने विसरले होते. लहान उलाढालीला तिमाही विवरणाची सोय आहे, ती घ्या. महाराष्ट्रात जीएसटी घेणाऱ्याला प्रोफेशन टॅक्सही बघावा लागतो, वर्षाला 2,500 रुपये. तो कुणी आधी सांगत नाही.

आणि दर ठरवताना टप्पे बघा. कापसाच्या गोधडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्याच्या वर 18 टक्के कर आहे. म्हणजे 2,450 ची गोधडी आणि 2,600 ची गोधडी ह्यांत दीडशेचा फरक दिसतो तेवढाच नाही. मी त्या वेळी दोन मापं बदलली. तुमच्या वस्तूचा एचएसएन क्रमांक (कर ठरतो तो मालाच्या प्रकाराचा क्रमांक) सीएकडून पक्का करून घ्या, नेटवर वाचून टाकू नका. बिलात कुरिअरचे पैसे वेगळे लावलेत तर त्यांवरही वस्तूच्याच दराने कर लागतो, हे लक्षात असू द्या.

4. पैसे कुठे आणि कसे येणार

करंट खातं उघडा. घरखर्च आणि दुकान एका खात्यात ठेवलं की मार्चमध्ये सीए तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर टाळण्यासारखी असते. प्रोप्रायटरच्या खात्याला बँका धंद्याचे दोन पुरावे मागतात. उद्यम आणि जीएसटी, किंवा उद्यम आणि शॉप ॲक्ट चालतं. किमान शिल्लक किती ते आधी विचारा.

पेमेंट गेटवे म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा: रेझरपे, कॅशफ्री, पेयू वगैरे. साधारण दर व्यवहाराला 2 टक्के आणि त्या 2 टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. पैसे लगेच खात्यात पडत नाहीत, दोन-तीन कामाचे दिवस लागतात. दिवाळीत शिवणाऱ्या बायकांना रोख द्यायची असते, त्यामुळे हे दिवस हिशेबात धरा. गेटवेचा अर्ज अडतो तो बहुतेकदा एकाच कारणाने: साइटवर माल परत घेण्याचे नियम, पाठवणीची माहिती, गोपनीयता, अटी आणि संपर्काचा पत्ता ही पानं नसतात. ती आधी लिहा.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन यूपीआयने पैसे घेणार असाल तर दोन फसवणुकी ठरलेल्या आहेत. पहिली, पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट. मला 1,800 चा आला होता, अगदी हुबेहूब. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत पार्सल उंबऱ्याबाहेर नाही. दुसरी जास्त रंगतदार असते. "मिलिटरी कॅम्पातून बोलतोय, वीस गोधड्या हव्यात, आमच्या पद्धतीने पैसे येतील, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. वीस गोधड्या एकदम मागणारा माणूस रंग विचारत नसेल तर फोन ठेवून द्या.

विक्रीची किंमत ठरवताना मी वहीत असं लिहिते. किंमत 2,400, कर धरून. त्यातून कर 114, कापड आणि धागा 500, शिलाई 900, पॅकिंग 60, कुरिअर 250, गेटवे 57. उरले 519. त्यातून वीज, फोन, जाहिरात आणि माझा वेळ. एक गोधडी परत आली की जाण्यायेण्याचं कुरिअर धरून जवळपास एका गोधडीचा नफा गेला. हा हिशेब न मांडता "फ्री डिलिव्हरी" लिहू नका.

5. फोटो आणि वर्णन

ह्या कामाला घाई करू नका. ऑनलाइन गिऱ्हाइकाला हात लावून बघता येत नाही, त्यामुळे त्याच्या हाताचं काम तुमच्या शब्दांना करावं लागतं.

फोटो फोनवर काढा, कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान खिडकीशेजारी, घरातले दिवे बंद करून. ट्यूबलाइटमध्ये काढलेली डाळिंबी साडी माझ्या साइटवर चक्क जांभळी दिसत होती, आणि ती परत आली. चूक माझीच. प्रत्येक वस्तूचे किमान पाच फोटो घ्या: पूर्ण समोरून, पूर्ण मागून, काठ जवळून, टाके इतके जवळून की धावदोऱ्याची ओळ वाकडी आहे हे दिसावं, आणि एक पलंगावर अंथरलेला. शेवटच्या फोटोशिवाय माप कळत नाही. "60 बाय 90 इंच" वाचून कुणाच्याही डोळ्यासमोर काही येत नाही.

वाकडी ओळ, एखादं ठिगळ, रंगाचा फिका डाग हे लपवू नका. मी वर्णनात लिहिते: "आतले दोन थर वापरलेल्या, धुतलेल्या सुती साड्यांचे आहेत. वरची साडी नवी आहे. उजव्या कोपऱ्यात हाताएवढं ठिगळ आहे, फोटो चार बघा." एका मैत्रिणीचं म्हणणं, असं लिहिलं तर कोण घेईल? उलट झालं. वापरलेल्या साड्यांचा विषय न लिहिता विकलेल्या दोन गोधड्या परत आल्या होत्या. लिहायला लागल्यापासून ह्या कारणासाठी एकही नाही, आणि ठिगळवालीच आधी जाते.

धुण्याची सूचना हवीच. पहिल्या तीन धुण्यांत रंग जाईल का, मशीनमध्ये चालेल का, वाळायला किती वेळ. पॅकबंद वस्तूवर आणि साइटवरही निर्मात्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा देश, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती द्यावी लागते. वजनमाप कायद्याचे नियम 2011 चे आहेत आणि ते ऑनलाइन विक्रीलाही लागू आहेत.

एक सापळा खास आमच्यासारख्यांचा. साडीची प्रत्येक गोधडी एकुलती एक असते. तीच इन्स्टाग्रामवर, तीच साइटवर, तीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की एकीला दोन मालकिणी होतात. मी प्रत्येक गोधडीला बारशासारखा नंबर देते, कापडाच्या चिठ्ठीवर लिहून कोपऱ्याला टाचते. ग्रुपवर कुणी "मला हवी" म्हटलं की आधी साइटवरचा नग शून्य करायचा, मग "हो" लिहायचं. उलटं केलं तर रात्री साडेअकराला कुणाची तरी माफी मागत बसावं लागतं.

6. आता वेबसाइट

पहिले दोन-तीन महिने वेबसाइट नसली तरी चालेल. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, त्यात किंमत आणि फोटो टाका, आणि वीस ऑर्डर त्यावर पूर्ण करा. लोक काय विचारतात ते वहीत टिपा. तेच प्रश्न पुढे साइटवर उत्तरांसकट जातील.

मग ठरवा. शॉपिफायसारखी तयार सेवा घेतली तर दर महिन्याला भाडं, पण डोक्याला ताप कमी. वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवलं तर सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), अपडेट, बॅकअप हे तुम्ही किंवा कुणीतरी बघायला हवं. घरात संगणकातलं कळणारं माणूस नसेल तर पहिली वाट घ्या.

काहीही घ्या, डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावरून. माझी पहिली साइट ओळखीतल्या एका मुलाने केली. स्वभावाने चांगला, कामाला चोख, पण डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं. तो नोकरीला परगावी गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि एका सोमवारी साइट गायब. परत मिळायला सहा आठवडे गेले, आणि त्या सहांत दिवाळी होती. काम देताना लिहून घ्या: डोमेन, होस्टिंग, साइटचा ॲडमिन, तिन्हींचे पासवर्ड काम संपताच तुमच्याकडे. आणि पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा.

साइट फोनवर तपासा, तुमच्या नव्या फोनवर नाही, कुणाच्या तरी चार वर्षं जुन्या फोनवर. फोटो जड असले की तिथे पान उघडतच नाही. वस्तूचं नाव मराठीतही लिहा आणि इंग्रजीतही. "गोधडी" हा शब्द लोक रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहून शोधतात. चारही वर्णनात कुठेतरी येऊ द्या.

मोठ्या बाजारांवर विकावं का? एकसारखा माल शंभर नग असेल तर जरूर. कमिशन, परतावे, आणि वर सरकारी कपात: जीएसटीचा 0.5 टक्के टीसीएस आणि आयकराचा 0.1 टक्के टीडीएस. ही कपात नंतर हिशेबात मिळते, पण पैसे तोपर्यंत अडकतात. एकुलत्या एक वस्तूंना ते बाजार फारसे मानवत नाहीत असं माझं मत.

7. कुरिअर आणि आरटीओ

ह्या धंद्यात आरटीओ म्हणजे संगम पुलाजवळचं ते ऑफिस नव्हे. गिऱ्हाइकाने न घेतल्यामुळे परत आलेल्या पार्सलला आरटीओ म्हणतात, आणि जाण्याचं भाडं वर येण्याचं भाडं दोन्ही तुमच्या माथी. पहिल्या दिवाळीत मी कॅश ऑन डिलिव्हरी उघडी ठेवली. तीस पार्सलं गेली, नऊ परत आली. घर बंद होतं, नंबर लागला नाही, "माझ्या मुलीने मागवलं असेल, आम्हाला नको."

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करू नका, नवं गिऱ्हाईक त्याशिवाय विश्वास टाकत नाही. पण दोनशे रुपये आगाऊ घ्या. ज्याला खरंच हवंय तो देतो. आणि पाठवण्याआधी पत्ता व्हॉट्सॲपवर परत वाचून घ्या. एकीने कोथरूडचा पत्ता देऊन पिन कोड 411038 ऐवजी 411030 टाकला होता. पार्सल तीन दिवस सदाशिव पेठेच्या बाजूला फिरत होतं.

शिपरॉकेटसारख्या सेवा अनेक कुरिअर एकत्र दाखवतात, त्यातून पिन कोडप्रमाणे निवडता येतं. खेड्यातल्या पत्त्यांना मी अजून स्पीड पोस्टच वापरते. जिथे कुणीच जात नाही तिथे पोस्टमन जातो.

टेप लावण्याआधीच सुरू करून एकच व्हिडिओ काढा, वीस सेकंदांचा: वस्तू दोन्ही बाजूंनी, मग बंद पार्सल काट्यावर आकड्यासह, मोजपट्टी लावून तिन्ही मापं, शेवटी लेबल. वजनाचा वाद निघाला तर हाच पुरावा, आणि "मला फाटकी आली" म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर. ऑर्डर नंबरने फोल्डर करून तीन महिने ठेवा. ह्या व्हिडिओंनी माझे दोन वाद जिंकलेत, एक हरलाय. हरलेल्यात काट्यावरचा आकडा उजेडाने दिसत नव्हता.

8. परत घेण्याचे नियम आणि तक्रार

किती दिवसांत, कुठल्या कारणाला, भाडं कोणाचं, पैसे कधी परत, एवढं साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहा. दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका. मी उचललं होतं आणि त्यात "बूट वापरलेले नसावेत" अशी ओळ राहिली होती. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारणाला एक माणूस नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात. आमच्या साइटवर त्या जागी माझंच नाव आहे.

9. पहिल्या वर्षाचं कॅलेंडर

पुण्यातून धंदा करताना काही दिवस आधीच लाल शाईने खुणा करून ठेवा. पालख्या शहरात असतात ते दिवस. गणपतीत अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी पेठांमधून कुरिअरची गाडी निघणार नाही आणि बोहरी आळीतून खोकेही आणता येणार नाहीत. दिवाळीत ऑर्डर सगळ्यात जास्त आणि पिकअपवाला मुलगा गावी, हे दोन्ही एकाच आठवड्यात येतं. भोरकडच्या बायका भातलावणीच्या दिवसांत सुईला हात लावत नाहीत, आणि लावू नये. त्यामुळे दिवाळीचा माल मी मे महिन्यातच शिवून घेते. साइटवर वरच्या पट्टीत लिहिते: "आज दिलेली ऑर्डर अमुक तारखेला निघेल." तारीख खरी लिहायची, दोन दिवस जास्तच धरून.

पिकअप चार वाजता असतो. साडेतीनपर्यंत लेबल लागलेली पार्सलं दाराशी, गोधडीचे नंबर वहीत, व्हिडिओ फोल्डरात. बहिणीला पहिल्या पार्सलमध्ये गेलेली ती गोधडी अजून तिच्याकडेच आहे, एक कोपरा फिका झालेली. पैसे तिने दिलेले नाहीत.